बाटलीवरचे लेबल आणि घरातील अक्कल

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकता. म्हणून आज मी एका लहानशा कागदाविषयी बोलणार आहे. हा कागद बोटभर लांबीचा असतो. तो बाटलीला, डब्याला किंवा खोक्याला चिकटवलेला असतो, आणि आपल्यापैकी बहुतेकजण तो न वाचताच झाकण उघडतात. त्या कागदाला आपण लेबल म्हणतो.

आधी माझ्या घरातील एक हकीकत सांगतो. ती १९७८ सालच्या मे महिन्यातील आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. कोकणातील आमच्या घरी सुटीसाठी सारे नातेवाईक जमले होते. रेशनवर मिळालेले रॉकेल माझ्या दादीने संत्र्याच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवले होते. त्या काळी घरोघर असेच करीत. चांगली बुचाची बाटली टाकून कशी द्यावयाची? बाटलीवर सरबताचे लेबल तसेच होते आणि त्यावर दोन टपोरी संत्री छापलेली होती. माझा धाकटा चुलतभाऊ तीन वर्षांचा होता. खेळून तहानलेला तो आत गेला, त्याने ती बाटली तोंडाला लावली आणि दोन घोट घेतले.

दादी धावली. पोटात विष गेले तर ते ओकून काढावे, असे तिला तिच्या आईने शिकविले होते. तिने मुलाच्या घशात बोटे घातली. त्याला उलटी झाली आणि पाठोपाठ असा खोकला सुरू झाला की तो थांबेचना. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला पाहताच पहिला प्रश्न केला, "उलटी कोणी करविली?" मंडळी, रॉकेल पोटात जेवढा अपाय करते त्याहून कितीतरी अधिक अपाय ते फुप्फुसात शिरले म्हणजे करते, आणि उलटी होताना ते तिकडेच शिरण्याची भीती असते. मुलाला न्यूमोनिया झाला. तो बारा दिवस रुग्णालयात होता. अल्लाच्या कृपेने तो वाचला आणि आज दोन मुलांचा बाप आहे. परंतु दादी अखेरपर्यंत म्हणत राहिली, "मीच त्याच्या घशात बोटं घातली रे!"

माझी दादी अडाणी होती काय? तिला लिहिता-वाचता येत नव्हते हे खरे. पण विंचू चावला, ताप चढला, मूल अडले की अर्धी वाडी तिच्याकडे येई. तिच्याजवळ अक्कल भरपूर होती. मग ती त्या दिवशी उपयोगी का पडली नाही? हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

एक व्यापारी मित्र मला नेहमी म्हणतात, "काय ही लेबलांची फॅशन! सुरीच्या वेष्टनावर लिहायचे, धार आहे, जपा. काड्यापेटीवर लिहायचे, मुलांपासून दूर ठेवा. माणसाला अल्लाने अक्कल दिली आहे की नाही?" त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सुरी कापते आणि आग भाजते, हे कोणी छापून सांगावे लागत नाही. पण ते आपल्याला कसे कळले, याचा विचार करा. हजारो वर्षे माणूस आगीजवळ आणि धारेजवळ राहिला. त्याला भाजले, त्याला कापले, आणि तो अनुभव आईने मुलीला व बापाने मुलाला सांगितला. आपण ज्याला अक्कल किंवा व्यवहारज्ञान म्हणतो, ती बव्हंशी अशी जुन्या धोक्यांची आठवण आहे. जो धोका काल-परवा कारखान्यात तयार झाला, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि ज्याचा परिणाम महिन्याने दिसतो, त्याची आठवण कोणाच्या आजीजवळ असणार?

याचे एक उदाहरण इराकमध्ये घडले. ते मी थोडे विस्ताराने सांगतो.

१९७१ साली इराकमध्ये दुष्काळामुळे पीक बुडाले होते. सरकारने पुढील पेरणीसाठी परदेशातून गहू आणि सातू यांचे बियाणे मागविले. गहू मेक्सिकोचा होता. त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत हे बियाणे बसरा बंदरात उतरले आणि तेथून खेड्यापाड्यांत वाटले गेले. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्यापासून केलेले एक जहाल विष, चोळलेले होते. हे धान्य पेरावयाचे, खावयाचे नाही, हे ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी-नारिंगी रंग दिलेला होता. पोत्यांवर धोक्याची सूचनाही होती. म्हणजे कागदोपत्री सारी व्यवस्था चोख होती.

पण ती सूचना स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत होती, आणि शेतकऱ्यांची भाषा होती अरबी किंवा कुर्दी! पोत्यावर कवटी आणि हाडांचे चित्र होते. त्या चित्राचा अर्थ 'विष' असा होतो, हे त्या खेड्यांत कोणी कोणाला शिकविले नव्हते. पुष्कळ ठिकाणी बियाणे पोहोचले तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती. घरात धान्याचा दाणा नाही आणि दारात भरलेली पोती. अशा वेळी आपण काय केले असते?

त्या शेतकऱ्यांनी अक्कल वापरली नाही, असे समजू नका. रंग पाहून त्यांना शंका आली. त्यांनी धान्य धुतले. रंग पाण्याबरोबर निघून गेला तेव्हा त्यांना वाटले की विषही गेले. काहींनी आधी ते धान्य कोंबड्यांना आणि गुराढोरांना घालून पाहिले. काही दिवस वाट पाहिली, जनावरे मेली नाहीत. मग भाकऱ्या भाजल्या. आपल्या आजी-आजोबांनी ह्याहून अधिक कोणती खबरदारी घेतली असती? परंतु रंग धुतला तरी पारा धुतला जात नव्हता, आणि पाऱ्याचे विष आपला परिणाम दाखवावयास काही आठवडे घेत होते. हात-पाय बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला, कान ऐकेनासे झाले, तेव्हा घरातील सर्वांनी ती भाकरी कितीतरी दिवस खाल्लेली होती. १९७१ च्या डिसेंबर अखेरीपासून रुग्णालये भरू लागली. नोंदलेल्या आकड्यांप्रमाणे ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतील ४५९ दगावली. गरोदर स्त्रियांनी ती भाकरी खाल्ली, त्यांतील कित्येकींच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुले जन्मली. आणि अशाच बियाण्याने इराकमध्ये १९५६ व १९६० सालीही विषबाधा झालेली होती!

या हकीकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, नवीन विषापुढे माणसाची चांगली अक्कलही आंधळी असते. म्हणून इशारा हवाच. दुसरी अशी की, वाचणाऱ्याला न समजणारा इशारा हा कंपनीच्या समाधानासाठी असतो, माणसाच्या रक्षणासाठी नसतो.

दूर कशाला जावे? आपल्याच देशात १९५८ साली केरळ आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचा धान्य-पिठाशी वाहतुकीत संसर्ग झाला आणि ते खाऊन १०० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. त्या नियमांनुसार कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन उभा, म्हणजे टोकावर, छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणातील रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य.

विद्यार्थ्यांनो, हे चार रंग आज घरी जाऊन वडिलांना सांगा. आणि विशेषतः हिरव्याविषयी सांगा. हिरवा दिवा लागला की गाडी पुढे न्यावयाची, हे आपण शिकलो. खाण्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका असला की पदार्थ शाकाहारी, हेही शिकलो. त्यामुळे औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण पाहून 'हे निर्धोक आहे' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण तेथे हिरव्याचा अर्थ निर्धोक असा मुळीच नाही. सावध राहा, एवढाच आहे. ज्याला हा अर्थ कोणी सांगितलेला नाही, त्याला त्याची अक्कलच चुकीच्या वाटेने नेईल.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. डब्यांवर त्रिकोण होते, कायदाही होता. परंतु डब्यावरची अक्षरे मुंगीएवढी, आत घडी घातलेले पत्रक कोणी उघडीत नाही, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती पुष्कळदा तयार मिसळलेले द्रावण येते; डबा तो पाहतही नाही. ज्याच्या अंगावर विष उडते त्याच्यापर्यंत इशारा पोहोचलाच नाही, तर तो छापला काय आणि न छापला काय!

यावर कोणी विचारील की लेबलाने खरोखर कोणाचा जीव वाचतो काय? वाचतो. तापासाठी ॲस्पिरिनची गोळी देणे हे एके काळी जगभर आईचे साधे व्यवहारज्ञान होते. परंतु फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यावर त्यांतील काहींना 'राय सिंड्रोम' नावाचा भयंकर आजार होतो, त्यात यकृत बिघडते व मेंदूला सूज येते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. अनेक मुलांच्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय हा संबंध दिसणारा नव्हता. अमेरिकेत १९८० साली या आजाराच्या ५५५ मुलांची नोंद झाली. त्याच सुमारास पालकांना इशारे देण्यास प्रारंभ झाला आणि १९८६ साली ॲस्पिरिनवर तशी सूचना छापणे सक्तीचे करण्यात आले. १९८७ पासून कोणत्याही वर्षी तेथे ३६ हून अधिक मुलांची नोंद झाली नाही. पालकहो, आपल्याही घरी हे लक्षात ठेवावे. तापलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये.

ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत इशारा पोहोचवावयाचा कसा? याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसला जो उग्र वास येतो तो गॅसचा स्वतःचा नव्हे. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी एका शाळेखाली वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक प्राणास मुकले. त्या वायूला वास नव्हता, म्हणून कोणालाच काही कळले नाही. त्यानंतर त्या राज्यात वायूत वास मिसळण्याचा कायदा झाला. हा वास म्हणजे नाकाने वाचावयाचे लेबल आहे. ते म्हाताऱ्या नानीला वाचता येते आणि पाच वर्षांच्या मुलालाही. चांगला इशारा असा असावा.

आता माझ्या व्यापारी मित्राच्या शंकेकडे वळतो. प्रत्येक गोष्टीवर इशारा छापला तर कोणताच इशारा कोणी वाचणार नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आपल्या कायद्यालाही ते मान्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असे म्हटले आहे की, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नाही आणि त्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाईल. परंतु जो धोका उघड आहे किंवा सर्वांस ठाऊक आहे, त्याबद्दल इशारा दिला नाही म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे सुरीची धार ज्याची त्याने सांभाळावी; धान्यातील पाऱ्याबद्दल मात्र विकणाऱ्यानेच सांगितले पाहिजे.

हा न्याय आपल्याला नवीन नाही. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतील ओलसर धान्य उघड करणाऱ्या आणि त्या व्यापाऱ्यास ते वर का ठेवले नाहीस असे विचारणाऱ्या हजरत पैगंबरसाहेबांची हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत हे खरेच. पण राशीच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही, विकणाऱ्याला ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे. आपल्यातील पुष्कळ मंडळी व्यापार-धंद्यात आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की सुटे ॲसिड, सुटे फिनेल, उंदराचे औषध गिऱ्हाइकाला थंड पेयाच्या बाटलीत किंवा कोऱ्या पुडीत देऊ नका. पानाच्या आकाराची चिठ्ठी चिकटवावयास दोन पैसेही लागत नाहीत.

इशारा वाचला म्हणजे माणूस शहाणा होतोच असेही नाही, हे मी कबूल करतो. सिगारेटच्या पाकिटावर १९७५ च्या कायद्याने सूचना छापली गेली. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून २००९ पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्रे आली. तरीही आपल्या मोहल्ल्याच्या नाक्यावर काय चालते ते आपण रोज पाहतो. लेबल आपल्याला ज्ञान देईल. निश्चय ज्याचा त्यालाच करावा लागेल. पण ज्ञानच दिले नाही, तर निश्चय करण्याची संधीही माणसाला मिळत नाही.

शेवटी घराकडे येतो, कारण सर्वांत अधिक लेबले कंपनी चुकवीत नाही, आपण फाडतो. सरबताच्या बाटलीत रॉकेल आपण भरतो. औषधाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून आणतो, आणि गोळीचे नाव व मुदतीची तारीख दुकानातच राहते. कपाशीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी किंवा पीठ आपणच ठेवतो. म्हणून पालकांना माझ्या चार सूचना आहेत. खाण्या-पिण्याच्या भांड्यात विषारी वस्तू कधीही ठेवू नये. विषाचा रिकामा डबा कितीही चांगला असला तरी पुन्हा घरात वापरू नये. विषारी वस्तू मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात ठेवावी. आणि दुर्दैवाने मुलाच्या पोटात काही गेलेच, तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज उलटी करवू नये. मुलाबरोबर तो डबा किंवा बाटलीही दवाखान्यात न्यावी, म्हणजे काय गेले ते डॉक्टरांना कळेल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हांला मी एक गृहपाठ देतो. येत्या रविवारी घरातील फडताळ उघडा. आईला, दादीला, नानीला शेजारी बसवा आणि प्रत्येक बाटलीवरचे लेबल मोठ्याने वाचून त्यांना समजेल अशा भाषेत सांगा. ज्या बाटलीवर लेबल नाही तिच्यावर मराठीत किंवा उर्दूत, जे घरात वाचले जाते त्यात, ठसठशीत अक्षरांत नाव लिहा. वाचता न येणाऱ्यासाठी लाल फुली करा आणि त्या फुलीचा अर्थ घरातील लहान मुलालाही शिकवा. इराकमधील पोत्यांवर चित्र होते, अर्थ सांगणारा कोणी नव्हता. ती चूक आपल्या घरी होऊ देऊ नका. हे करताना वडील माणसांना हसू नका. त्यांच्या अकलेवर तुम्ही वाढला आहात. त्यांच्या काळी जे धोके नव्हते, तेवढेच तुम्ही त्यांना सांगावयाचे आहेत.

माझ्या चुलतभावाकडे मी पुष्कळदा निराळ्या नजरेने पाहतो. तीन वर्षांच्या त्या मुलाला अक्षर येत नव्हते, पण त्याने लेबल बरोबर वाचले होते. बाटलीवर संत्री होती आणि त्याला तहान लागली होती. खोटे बोलली ती बाटली, आणि ती आम्ही मोठ्यांनी भरली होती. त्या दिवशी आमच्या घरात वाचता येणारी चार मुले होती. मीही त्यांत होतो. त्या बाटलीवर 'रॉकेल' हे तीन अक्षरांचे नाव लिहून तिला वर ठेवावे, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही, कारण शाळेत शिकलेली अक्षरे शाळेतच ठेवावयाची असतात असे आम्हांला वाटे. या संस्थेने तुम्हांला जी अक्षरे दिली आहेत ती घरी घेऊन जा, एवढेच आज सांगावयाचे होते.